मंत्र्यांसमोर उठून बोलणारा कारखानदार

मा. संपादक,
स. न.

स्कूटर बनविणाऱ्या बजाज ऑटोचे राहुल बजाज यांचे १२ फेब्रुवारी २०२२ रोजी पुण्यात निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी वैकुंठ स्मशानभूमीत शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या सार्वजनिक कार्याचा उल्लेख निघाला की २००१ चे पद्मभूषण, राज्यसभेचे सदस्यत्व, मुंबई आयआयटीच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद आणि बजाज कुटुंबाच्या न्यासांची कामे अशी यादी ठरल्याप्रमाणे पुढे येते. ही यादी खरी आहे. परंतु पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात तीसेक वर्षे पाच लेथचे वर्कशॉप चालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्यांची लोकसेवा या यादीत पुरती सापडत नाही, म्हणून हे पत्र.

ते १९६५ मध्ये बजाज ऑटोत आले आणि १९६८ मध्ये, वयाच्या तिशीत, कंपनीची सूत्रे त्यांच्या हाती आली. हार्वर्डहून व्यवस्थापनाची पदवी घेऊन आलेला, वर्ध्याच्या बजाज घराण्यातला मुलगा मलबार हिलवर बिऱ्हाड करून आठवड्यातून एकदा कारखान्यात डोकावला असता, तरी त्या काळी कोणाला नवल वाटले नसते. त्यांनी आकुर्डीत कारखान्याच्या आवारातच घर केले आणि पत्नी रूपाताईंसह ते तिथेच राहिले. (रूपाताई माहेरच्या घोलप, त्यामुळे बजाज हे मराठी घरचे जावई होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) त्यांचा थोरला मुलगा राजीव आकुर्डीतल्याच शाळेत शिकला. मालक भोंग्याच्या आवाजाच्या टप्प्यात राहत असला म्हणजे काय फरक पडतो, हे औद्योगिक वसाहतीत काम केलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. तिसऱ्या पाळीला काय बिघडले, हे त्याला सकाळी अहवालातून वाचावे लागत नाही.

माझ्या वडिलांकडे बजाजची चेतक स्कूटर होती. ती सकाळी सुरू व्हायला तयार नसली की वडील तिला आपल्या अंगाकडे चांगली तिरकी करीत, क्षणभर तशीच धरीत, मग सरळ करून किक मारीत, आणि निळसर धुराबरोबर आमची शाळेची वेळ वाचे. पियाजिओ या इटालियन कंपनीबरोबरचा करार १९७१ मध्ये संपल्यावर कंपनीने स्वतःच्या नावाने काढलेली, राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव ल्यायलेली ही स्कूटर मिळण्यासाठी लोक दहा-दहा वर्षे नंबर लावून बसत, आणि नंबर लागलेला माणूस गाडी घरी नेण्याऐवजी वरचे पैसे घेऊन विकून टाकी. कारखान्याने किती स्कूटर काढायच्या, हे आकुर्डीत ठरत नव्हते. परवान्यावरचा आकडा दिल्लीत ठरत असे. परवान्यापेक्षा जास्त माल काढणे हा गुन्हा असेल तर देशाला हवी असलेली वस्तू बनविल्याबद्दल आपण तुरुंगात जायला तयार आहोत, अशी भूमिका बजाज यांनी त्या काळात घेतली. ज्या खात्याकडून उद्या वाढीव परवाना हवा आहे, त्याच्याच धोरणाविरुद्ध आज उघड बोलणे किती महाग पडू शकते, याचा अंदाज साध्या ना-हरकत प्रमाणपत्रासाठी सहा खेपा घातलेल्या कोणत्याही लघुउद्योजकाला येईल.

त्यांच्यावर फुले उधळण्यासाठी मी लिहायला बसलेलो नाही. ज्या टंचाईविरुद्ध ते बोलत होते, तिचा लाभ त्यांच्याच कंपनीला होत होता. दाराशी दहा वर्षांची रांग असलेल्या कारखानदाराला गाडी तिरकी न करता सुरू व्हावी यासाठी रात्री जागावे लागत नाही. पुढे १९९१ नंतर दारे उघडली, तेव्हा १९९३ मध्ये ‘बॉम्बे क्लब’ म्हणून ओळखल्या गेलेल्या ज्या उद्योगपतींनी परदेशी कंपन्यांशी स्पर्धेसाठी समान संधी आणि तयारीला अवधी मागितला, त्यांत बजाज अग्रभागी होते. परवान्याच्या जाचाविरुद्ध तुरुंगाची भाषा करणारा माणूस स्पर्धा आल्यावर मुदत मागतो, ही विसंगती तेव्हाही लोकांनी दाखवून दिली होती आणि माझ्या मते ती टीका बरीचशी रास्त होती. मात्र इतरांनी जे बंद दाराआड, मंत्रालयांच्या पायऱ्या झिजवून मागितले, ते यांनी चारचौघांत मागितले आणि टीकाही चारचौघांतच झेलली. त्यानंतर रडत न बसता याच कंपनीने २००१ मध्ये पल्सर ही मोटारसायकल आणली, हेही त्याच हिशेबात धरावे लागेल.

पदांविषयी थोडक्यात. १९८६ ते १९८९ या काळात ते इंडियन एअरलाइन्सचे अध्यक्ष होते. भारतीय उद्योग महासंघाचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा सांभाळले, पहिल्या वेळी १९७९-८० मध्ये, संस्थेचे नाव वेगळे असताना, आणि पुन्हा १९९९-२००० मध्ये. प्रमोद महाजन यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या राज्यसभेच्या जागेवर २००६ मध्ये ते महाराष्ट्रातून अपक्ष म्हणून निवडून आले, आणि त्यांच्या पाठीशी भाजप, शिवसेना व राष्ट्रवादी काँग्रेस असे तिघेही होते, जे आजच्या वाचकाला गमतीचे वाटेल. सभागृहातली ती चार वर्षे त्यांच्या आयुष्यातला फार मोठा अध्याय होता, असे मला वाटत नाही. सभागृहाबाहेर ते जास्त बोलले.

ते सर्वांत स्पष्ट बोलले ३० नोव्हेंबर २०१९ रोजी, मुंबईतल्या एका पुरस्कार समारंभात. व्यासपीठावर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा, अर्थमंत्री निर्मला सीतारामन आणि पीयूष गोयल बसलेले होते. बजाज यांनी आपले ‘राहुल’ हे नाव जवाहरलाल नेहरूंनी ठेवल्याची आठवण सांगून सुरुवात केली आणि मग, आपले उद्योगपती मित्र हे बोलणार नाहीत, पण मी उघड बोलतो, असे म्हणत विचारले की, मागच्या सरकारच्या काळात आम्ही कोणावरही टीका करू शकत होतो, आता तुमच्यावर उघड टीका केली तर ती तुम्हाला रुचेल असा विश्वास आम्हाला का वाटत नाही? शहा यांनी, कोणालाही घाबरण्याचे कारण नाही आणि तसे वातावरण असेल तर ते सुधारावे लागेल, असे उत्तर दिले. प्रश्न योग्य होता की नाही, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहून झाले आहे. मला त्यात पडायचे नाही. माझे लक्ष त्या खोलीत बसलेल्या इतर उद्योगपतींकडे जाते, ज्यांच्या वतीने एक ८१ वर्षांचा माणूस उभा राहिला होता.

हे कुठून आले, याचा शोध घेतला तर वर्ध्याला जावे लागते. आजोबा जमनालाल बजाज यांनी सरकारने दिलेली रायबहादुरकी असहकाराच्या काळात परत केली, १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात तुरुंगवास भोगला आणि १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. व्यापाऱ्याने सत्तेशी वैर धरू नये, हा शहाणपणा त्यांनाही कोणी तरी सांगितलाच असेल. ते गेले ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, म्हणजे नातवाच्या जाण्याला ८० वर्षे आणि एक दिवस असताना.

आणखी एक गोष्ट, कारण स्पष्टवक्तेपणा फक्त सरकारपुरता असला तर त्याचाही संशय येतो. राजीव बजाज यांनी २००९ मध्ये स्कूटर बनविणे पूर्ण बंद करायचे ठरविले, तेव्हा हा निर्णय आपल्याला रुचलेला नाही, आपल्याला वाईट वाटते आहे, हे वडिलांनी जाहीरपणे सांगितले. आणि निर्णय मात्र मुलाचाच चालू दिला. पुढे विजेवरची चेतक आली, आणि तिच्यासाठी आकुर्डीत उभारलेल्या नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले ते १० जून २०२२ रोजी, राहुल बजाज यांच्या जन्मदिवशी. ते पाहायला ते नव्हते.

आता माझ्या गावच्या गोष्टीकडे येतो. आमच्या एका संघटनेच्या सभेला काही वर्षांपूर्वी एक मंत्री येणार होते. ते येईपर्यंतचा पाऊण तास आम्ही सगळे चहाच्या टेबलाभोवती तावातावाने बोलत होतो : आठवड्यातून दोनदा न सांगता जाणारी वीज, पावसाळ्यात ट्रक अडकतो असा वसाहतीतला रस्ता, थकलेली बिले. मंत्री आले, शाल-श्रीफळ झाले, आणि सूत्रसंचालकांनी कोणाला काही मांडायचे आहे का, असे विचारले. एका सभासदाने उठून मंत्रिमहोदयांच्या दूरदृष्टीबद्दल आभार मानले. दुसऱ्याने त्याला अनुमोदन दिले. माझ्या शर्टाच्या खिशात विजेच्या खंडिततेचे महिन्याभराचे टिपण होते, तारीख आणि वेळ घालून, तीन रकान्यांत लिहिलेले. ते घरी आल्यावर बायकोने धुण्यात टाकण्याआधी शर्टाच्या खिशातून काढून माझ्यापुढे ठेवले.

आपला,
एक निवृत्त लघुउद्योजक,
चिंचवड, पुणे