एक नंबर गेला

सोलापूर
27 नोव्हेंबर 2025

प्रिय बंड्या,

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढं वाच. गणपतीपासून माझा फोन नाही, आणि पत्र लिहून किती वर्षं झाली ते मोजायलाही लाज वाटते. मध्ये तू दोनदा केलास. एकदा मी उचलला नाही. दुसऱ्यांदा "कारखान्यात आहे रे, ऐकू येईना" म्हणून ठेवून दिला. त्या दिवशी मी घरात पलंगावर बसलो होतो. आवाज कसला? भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

एक नंबर गेला.

तसे आठही माग गेले, दिवाळीनंतरच्या आठवड्यात. पण बाकीच्या सातांशी तुझी ओळख नाही, ते तू पुण्याला पळून गेल्यावरचे. खंडेनवमीला पूजा केली तेव्हाच मनात ठरलेलं होतं, तरी झेंडूचा हार घालताना मी कुणाला बोललो नाही. चालू माग म्हणून घ्यायला गिऱ्हाईक मिळालंच नाही. इचलकरंजीचा एकजण बघून गेला, म्हणजे चहा पिऊन गेला. टॉवेलला आता सगळ्यांना रॅपियर, म्हणजे बिनधोट्याचा माग पाहिजे, आपलं ते धोट्याचं धूड कोण घेतो? मग किलोवर. भंगारवाल्याची पोरं आली आणि तासाभरात एक नंबर उघडा केला. 'हा बोल्ट जन्मात निघत नाही' म्हणून लिंबू मास्तरनं पैज लावली होती, आठवतं? निघाला नाहीच. गॅसनं कापला. सांगाडा काट्यावर चढला, एका पोरानं त्याच्यावर खडूनं आकडा लिहिला आणि मला म्हणाला, "काका, बाजूला व्हा, पायावर पडंल."

सूत घेऊन पळणारा तो धोटा तेवढा मी काढून घेतला. त्याच्या कडेला तुझ्या बिडीचा डाग अजून आहे. शेडमध्ये फरशीवर तेलाचा काळा चौकोन राहिलाय आणि चार बोल्टांची भोकं. हिनं दोनदा सोडा टाकून घासलं. निघत नाही.

माझी तब्येत ठीक. शुगर आहे तिथंच आहे, डावा गुडघा कुरकुरतो. हिचं बीपी गोळीवर आहे. झालं.

आता ज्यासाठी पत्र लिहितोय ते. भंगाराचे पैसे आले, ते मी सवयीनं टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवले. म्हटलं, मुदत ठेव करू. ही भाकरी थापत होती. मागं न बघता म्हणाली, "त्याचं अंदमान करायचं."

मी म्हटलं, कसलं अंदमान?

"तुम्ही आणि बंडू भावजी जाणार होता तेच."

बंड्या, मी हिला हे 35 वर्षांत एका शब्दानं सांगितलं नव्हतं. सांगितलंस तू! आमच्याच लग्नात, पंगतीत! "वहिनी, घरामागं जो खडखडतोय तो माग नाही, ते माझं अंदमान आहे," असं म्हणालास म्हणे. बाईनं तेव्हापासून पोटात ठेवलंय आणि माग भंगारात जायची वाट बघत बसली.

बाराशे तुझे, बाराशे माझे. 1988. मद्रासहून बोट, बंक क्लास, तीन दिवस नुसतं पाणी. तुला सेल्युलर जेल बघायचं होतं, मला समुद्र. आणि मग दाजी पेठेतला तो जुना माग, आपला एक नंबर, विकायला निघाला, बयाणा दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. पार्क चौकात भजी खाताना मी तुला विचारलं, अंदमानचे पैसे मागात घालू का, आणि तू मान हलवलीस. मी आजही तेच सांगतो, तू हो म्हणालास. तू आजही म्हणशील, तोंडात गरम भजं होतं, बोलता येईना म्हणून मान हलवली. 91 साली मी तुझे बाराशे परत दिले तेव्हा तू ते मोजलेसुद्धा, हलकटा. वर म्हणालास, "व्याज अंदमानला घेईन."

तर आता मी चाललोय अंदमानला. तुझं व्याज बुडवून.

धाकट्यानं आधी मालदीवचा घाट घातला होता. बंगळुरूहून रोज फोटो. तिकडं एक बेट, एक रिसॉर्ट. म्हणजे एकदा उतरलं की जेवण त्यांचं, होडी त्यांची, भाव त्यांचा. पान खायला कोपऱ्यावर जाऊ म्हटलं तर कोपरा संपून समुद्र. लांबच्या बेटांवर पाण्यावर उतरणारं विमान नेतं, ते दिवसाउजेडीच उडतं. आपलं विमान दुपारनंतर उशिरा पोचलं की रात्र राजधानीत, मालेत काढा. वर सरकारचा ग्रीन टॅक्स, मोठ्या रिसॉर्टला माणशी रात्रीचे 12 डॉलर. डॉलर ऐकल्यावर हिनंच फोन काढून घेतला. "भावजींचं अंदमान सांगितलंय मी," म्हणाली.

मग मी कामाला लागलो. बंड्या, महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. सकाळी आठला चष्मा लावून धंद्यावर बसल्यासारखा बसतो. तुला म्हणून सांगतो, रिसॉर्टवाले जे फोटो दाखवतात ना, त्यात मी खोली बघतच नाही, टॉवेल बघतो. पलंगावर टॉवेलाचे दोन हंस करून ठेवतात, माना एकमेकीला लावून. मोठं करून बघितलं. एका ठिकाणी हंसाच्या मानेतनं लूप ओढले गेलेले स्पष्ट दिसतात. चारशे जीएसएमचा, म्हणजे हलक्या वजनाचा माल, आणि रात्रीचे चौदा हजार! तिथं नाव फुली. दुसऱ्याचा टॉवेल चांगला होता, काठही सरळ, पण समुद्र चुकीच्या बाजूला.

हे चुकीच्या बाजूचं प्रकरण मला पंधरा दिवसांनी कळलं. अंदमानातल्या हॅवलॉक बेटाचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप आहे, पण सगळे हॅवलॉकच म्हणतात. तिथं बरीचशी रिसॉर्टं पूर्वेच्या किनाऱ्यावर, विजयनगर, गोविंदनगरकडं आहेत. तिथं ओहोटीला पाणी इतकं आत जातं की खालचे दगड आणि मेलेलं पोवळं उघडं पडतं, पोहायचं नावच नको. फोटो सगळे भरतीचे. पश्चिमेला राधानगर, तिथं वाळू पसरट आणि सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. म्हणजे खोली घेण्याआधी त्या तारखांचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं. सोलापूरच्या माणसाला कसली भरती आणि कसली ओहोटी! आपल्याला एकच वेळापत्रक ठाऊक, उजनीचं पाणी आज येणार का परवा. पण मी ते कोष्टक काढलं, वहीत उतरवलं, आणि ही म्हणाली, "पाण्याचा वार लिहून ठेवायची सवय जाणार नाही तुमची."

तारीख गड्ड्याच्या जत्रेनंतरची. नंदीध्वज, अक्षता, दारूकाम सगळं झाल्यावर जानेवारीच्या शेवटी. त्याआधी हिला सोलापूरच्या बाहेर काढायची कुणाची टाप नाही. इथून चेन्नईची गाडी थेट, पुढं विमान सव्वादोन तास. जे तुझ्या-माझ्या बोटीला तीन दिवस लागणार होते ते. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर (त्याचंही गेल्या वर्षी श्री विजयपुरम झालंय), मग फेरीनं हॅवलॉक, चार रात्री. शेवटची रात्र परत पोर्ट ब्लेअरला, कारण समुद्र खवळला की फेरी रद्द होते आणि विमान काही आपल्यासाठी थांबत नाही. एक गंमत बघ. घड्याळ आपलंच, पण अंदमान इतकं पूर्वेला आहे की जानेवारीत साडेपाचच्या आतच सूर्य बुडतो. सहाला अंधार. मग जेवणापर्यंत काय करायचं?

इथंच घोडं अडलंय, बंड्या. सगळं ठरलं, आणि मला झोप येईना.

रिसॉर्टच्या माहितीत एक ओळ आहे, 'इथं तुम्हाला काहीही करावं लागणार नाही.' लोक या ओळीवर भाळून जात असतील. मी ती वाचली आणि पोटात गोळा आला. तुला आमचं घर माहीत आहे. मागं शेड, पुढं स्वयंपाकघर, मध्ये एक दार. पस्तीस वर्षं आम्ही त्या खडखडाटात बोललोच नाही, खुणा केल्या. अंगठा तोंडाशी नेला की चहा झाला. तळहातावर बोटानं लिहिलं की बँकेचा माणूस आलाय. दोन्ही हात कानाला लावले की पोरीचा फोन. भांडणंसुद्धा खुणेनं, ही पदर खोचून कपाळावर हात मारायची, मी समजायचो. रात्री दहाला माग बंद व्हायचे तेव्हा दोघंही इतके दमलेले असायचो की पाठ टेकली की संपलं.

आता शेड गप्प आहे आणि आम्ही दोघं समोरासमोर बसतो. सवयीनं ओरडून बोलतो. शेजारची सून विचारून गेली, काकू, सगळं ठीक आहे ना? मग हळू बोलायला लागलो, तर मला ऐकू येत नाही. परवा दुपारी एक तास ती शेंगा निवडत होती आणि मी पेपर धरून होतो. ती एकदम म्हणाली, "काहीतरी बोला की." मला सुचलं काय, तर सूताचा भाव. ती काही बोलली नाही. उठताना तिनं अंगठा तोंडाशी नेला.

इथं निदान भाजीवाला येतो, लाईट जाते, पाहुणे येतात. तिथं त्या वाळूवर सहाच्या अंधारात चार रात्री मी काय बोलू?

म्हणून मी डाव टाकला. म्हटलं, बंड्याला आणि वहिनींना घेऊ, त्याचं व्याजही फिटेल. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "भावजी आले की तुम्ही दोघं 88 सालात जाऊन बसणार, आणि मी आणि वहिनी चपला राखणार. या वेळी दोघंच." मग थोड्या वेळानं, "भावजींना पत्र लिहा मात्र. न सांगता जाऊ नका."

तेव्हा हे बोलावणं नाही, बंड्या. उलटं आहे. तुला न घेता जातोय हे तुला सांगायला लिहितोय, आणि मला ते फोनवर बोलता आलं नसतं. तू हसला असतास, मी हसलो असतो, आणि राहून गेलं असतं. जेल मात्र तुझ्यासाठी नीट बघतो. सात भुजांपैकी तीनच उरल्यात म्हणे. संध्याकाळचा कार्यक्रमही बघतो. धाकट्यानं जेलला अर्धाच दिवस ठेवलाय, मी तो पूर्ण केला, म्हणजे एक दिवस बोलायची तरी सोय झाली.

सामानाची तयारी बघितलीस तर हसशील. कडक भाकरीचे दोन गठ्ठे, शेंगाचटणीचा डबा, कारण "मासेच मासे, मी काय खाऊ?" आणि आपले स्वतःचे चार टॉवेल, शेवटच्या बीमचे, म्हणजे मागावर शेवटी विणलेले. वाळूनं टॉवेलाची वाट लागते ते मला कळतं, तरी नेणार. शिंपले, पोवळं उचलून आणायला बंदी आहे हे तिला आधीच सांगून ठेवलंय, नाहीतर ती देवघरासाठी पिशवीभर गोळा करेल आणि विमानतळावर मला उत्तरं द्यावी लागतील.

तुझं कसं काय? पोराच्या नोकरीचं झालं का? वहिनींचा दुसरा डोळा कधी? त्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडण मिटव आता, वय झालं. फोनवर सविस्तर बोलू, या वेळी खरंच उचलीन.

एक काम आहे. तुझी ती निळी वही असेल अजून, तू काहीच टाकत नाहीस. त्यात मद्रासच्या बोटीच्या पानावर, बोट लागू नये म्हणून काय खायचं आणि कुठं बसायचं ते तू कुणाला तरी विचारून लिहून आणलं होतंस. हिला नळदुर्गच्या एसटीतसुद्धा मळमळतं, आणि फेरी दीड-दोन तासांची आहे. त्या पानाचा फोटो काढून पाठव. तिच्या फोनवर पाठव, माझ्या नको.

तुझा,
गुंड्या