आई-अण्णांना पत्र: खिशातल्या अर्ध्या किलोबद्दल

सांगली,
गुरुवार, रात्र

ती. आई व ती. अण्णा यांना साष्टांग नमस्कार.

स्वतःच्या बचावासाठी रिव्हॉल्व्हर घेतोय, हे परवा फोनवर सांगत होतो ते बोलणं अर्धवट राहिलं. आई रडायला लागली, आणि अण्णा, तुम्ही तिच्या हातातून फोन घेऊन म्हणालात, "घेणारच असशील तर दणकट घे, कमरेला दिसलं पाहिजे." तेव्हा समोर गिऱ्हाईक बसलं होतं, म्हणून नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. पण मी तसं घेणार नाही. का ते दोघांनाही नीट कळावं म्हणून बसून लिहितोय.

हत्याराचा परवाना हातात आलाय. कलेक्टर कचेरीत अर्ज, मग पोलीस ठाण्याची चौकशी, डॉक्टरांचा दाखला, हत्यार हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात ते कुठे आणि कसं ठेवणार याची हमी, सगळं झालं. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा असतो, आधी ३ वर्षांचा असायचा.

अण्णा, तुम्ही त्रिशूरला ३२ वर्षं लोकांचं सोनं गाळायची गलाई केली. भट्टी, मूस, तेजाब आणि कमरेचा कसा, एवढ्यावर निभावलं. हत्याराला कधी हात लावला नाही आणि एक गुंज सोनं कुणाचं हरवलं नाही. मला हे ठाऊक आहे, म्हणूनच तुम्हाला विचारल्याशिवाय अर्ज केला याचं मला वाईट वाटतं. पण दिवाळीच्या आधी तासगाव सोडल्यावर एक गाडी माझ्या मागे लागली. मी हळू झालो की तीही हळू, मी जोरात की तीही. विट्यात शिरेपर्यंत मागे होती. पोटाशी दुसऱ्याच्या सोन्याची लगड होती. काही झालं नाही, पण त्या रात्री घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. आई, तू विचारलंस तेव्हा मी ॲसिडिटी म्हणालो होतो. ते खोटं होतं.

आता कमरेला का नको. सोनं नेणारा माणूस आपण सोनं नेतोय हे लपवतो. कमरेला हत्यार दिसलं की बघणाऱ्याला लगेच कळतं, याच्याकडे राखण्यासारखं काहीतरी आहे. आणि हाताला येईल असं हत्यार दिसलं तर चोर आधी त्यालाच हात घालेल. नियमही आहे, चारचौघांत ते होल्स्टरमध्ये झाकून न्यायचं, मिरवायचं नाही. त्यामुळे लहान, हलकं, पँटच्या पुढच्या खिशात मावेल असं, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

पण हलकं म्हणजे किती, इथे माझी गाडी दोन महिने अडली. आपल्यासारख्याला ९ एमएम मिळत नाही, ते बोअर, म्हणजे नळीचं माप, प्रतिबंधित आहे. अमेरिकेतली खिशातली पिस्तुलं लोक इंटरनेटवर दाखवतात, त्यांतली बहुतेक आपल्या उपयोगाची नाहीत. इथे पाहायचं ते .३२ आणि .२२ बोअरचं. सरकारी कारखान्याचं सर्वांत हलकं रिव्हॉल्व्हर 'निडर', इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, .२२ चं, साधारण २५० ग्रॅम. म्हणजे पाव किलो साखरेची पुडी. 'निर्भीक' कानपूरचं, .३२ चं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅम, ६ काडतुसांचं. २०१४ साली ते बाजारात आलं तेव्हा बायकांसाठी म्हणून गाजलं होतं, किंमत १ लाख २२ हजारांच्या आसपास होती. आणि कानपूरचंच 'प्रबळ', २०२३ चं, ७०० ग्रॅमच्या घरात. ते लांब पल्ल्याचं, पण मला खिशाला जडच वाटलं.

पहिल्यांदा मन 'निडर'वर गेलं. खिशात काही आहे हेच कळणार नाही! पण .२२ च्या काडतुसात बार पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, मधोमध नसतो, आणि असं काडतूस न उडण्याची शक्यता .३२ पेक्षा जास्त असते. शिवाय गोळी एवढीशी. जिवावर बेतेल त्या दिवशी "उडेल का" असा प्रश्न मनात नको.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणात हाताला कळली. आमचे सर निवृत्त सुभेदार. त्यांनी आधी जड रिव्हॉल्व्हरने ६ गोळ्या झाडायला लावल्या, मग हलक्याने. काडतूस तेच, पण हलक्याचा झटका मनगटाला चांगलाच लागतो. जड धातू धक्का स्वतःच खातो, हलक्यात तो सगळा हातात येतो. त्यात नळी आखूड, म्हणजे पुढची आणि मागची माशी (नेम धरायच्या खुणा) जवळजवळ, त्यामुळे नेमात केसभर चूक झाली तरी गोळी वीतभर बाजूला जाते. माझ्या पहिल्या ६ पैकी २ कागदावर लागल्या. तेही ७ मीटरवरून, म्हणजे आपल्या ओसरीपासून तुळशीपर्यंत. लहान हत्यार सोपं असतं असं मला वाटत होतं, ते शिकलेल्या हाताचं काम निघालं. त्या दिवशी मी सरांना सांगितलं की सराव बसेपर्यंत खरेदी करणार नाही. आता ६ पैकी ५ लागतात.

पिस्तूलही पाहिलं, .३२ चंच. ते चपटं असतं, खिशात रिव्हॉल्व्हरसारखा फुगा येत नाही. पण त्याला स्लाइड ओढायची, सुरक्षेचा खटका पाहायचा, मॅगझिनची स्प्रिंग सांभाळायची, आणि खिशातला धुरळा-लोकर आत गेली तर अडकायचं. रिव्हॉल्व्हरमध्ये एक काडतूस फुकट गेलं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं. माझं डोकं घाबरल्यावर कसं चालतं हे मला तासगावच्या रस्त्यावर कळलंय. मला साधं तेच बरं. म्हणून 'निर्भीक' घेतोय.

खिशाचंही ऐका. त्या खिशात दुसरं काहीही नाही, ना किल्ली ना सुट्टे पैसे, कारण चापात अडकलेली किल्ली म्हणजे मांडीत गोळी. चाप पूर्ण झाकणारं खिशाचं होल्स्टर, आणि टेलरकडून जाड कापडाचा खोल खिसा. दुकानात, भट्टीजवळ ते मी ठेवणार नाही. तेजाबाची वाफ लोखंडाचं काय करते ते तुम्हाला मी काय सांगू. घामही वाईटच, रोज रात्री तेलाचं फडकं फिरवावं लागेल.

आई, आता तुझ्यासाठी. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाला पुढच्या खिशातलं काही काढता येत नाही. म्हणजे त्या रात्री हे माझ्याकडे असतं तरी उपयोग झाला नसता. हे समजल्यावर मी दोन दिवस गप्प होतो. म्हणून आता लगड घेऊन मोटारसायकलवर जाणं बंद केलंय. दिवसाच्या एसटीने जातो, दर सोमवारी जायचो ते वार बदलतो, अंधार पडला की सांगलीतच राहतो. खरं रक्षण यातच आहे, ते रिव्हॉल्व्हर या सगळ्याच्या नंतर येतं. कायदाही तसाच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३७ सांगतं की बचावात गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. कुणी लगड हिसकावून पळत सुटला तर मी त्याच्या पाठीत गोळी घालणार नाही. सोनं भरून देता येतं, आपली जमीन आहे.

घरात लहान मुलं आहेत म्हणून सूनबाईने माझ्याआधी अट घातली: घरात पाऊल टाकलं की काडतुसं वेगळी, रिव्हॉल्व्हर वेगळं, दोन्ही कुलपात. भिंतीत लॉकर बसवून घेतलाय. आणि भावकीत कुणाला सांगू नका. लग्नात "एक बार होऊन जाऊ दे" म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत, आणि तसा बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. निवडणूक लागली की ते पोलीस ठाण्यात जमाही करावं लागू शकतं, तेव्हा तर सगळ्यांना कळेलच.

रेवणसिद्धाच्या दर्शनाला सगळे येतोय, रविवारी दुपारपर्यंत पोहोचू. मुक्कामाला रिव्हॉल्व्हर बरोबर असेल, ते अण्णांच्या तिजोरीत ठेवायचं म्हणतो. पण परवाना माझ्या नावावर आहे, जबाबदारीही माझीच, म्हणून तेवढे दोन दिवस तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या माझ्याकडे लागतील. अण्णा, ती तिजोरी तुम्ही कधी कुणाच्या हातात दिली नाही. मागायला जड जातंय, तरी मागतोय. एक किल्ली देवघरात असते, दुसरी कुठे आहे ते आठवून ठेवा.

तुमचा,
थोरला