सूचना : शनिवारी सेवकांसाठी विसाव्याची सकाळ

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

येत्या शनिवारी सकाळी ७ ते १२ संडे स्कूलचे शिक्षक, गायनमंडळ, घरभेटीला जाणारे आणि वडीलमंडळी यांनी चर्चमागच्या चिंचेखाली जमायचं आहे. मीटिंग नाही, हिशेब नाही, नाताळच्या कार्यक्रमाची चर्चा तर मुळीच नाही.

गेल्या महिन्यात एका आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करताना मलाच डुलकी लागली. आजीबाईंनी हळूच पांघरूण घातलं! तेव्हापासून पवित्र शास्त्रातलं १ राजे, अध्याय १९ पुन्हा पुन्हा वाचतोय. खचलेला संदेष्टा एलीया रानातल्या रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू पुढे ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून खाऊ घालतो. देवाच्या डोंगराचा, होरेबचा प्रवास, देवाची ती मंद वाणी, सगळं त्यानंतर.

तोच अध्याय सावकाश वाचू. मग दोन तास मौन. कोणी झोपलं तर उठवू नये.

मोबाइल घरीच ठेवा. चटई, पवित्र शास्त्र आणि पाण्याची बाटली आणा. पिठलं-भाकरी तरुणसंघ करणार आहे, त्यामुळे भगिनींनी स्वयंपाकघरात शिरू नये. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत इथेच कळवावं, भाकऱ्या मोजून करायच्या आहेत.

– सचिव