आधी धूळ-धूर, मग काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडायला लागली की आपल्या पुरवणीत अडुळसा, सुंठ, ज्येष्ठमधाचे काढे येतात. यंदाही आले. काढ्याशी माझं वैर नाही. आमच्या कुंपणालाच अडुळसा आहे. शेळी तोंड लावत नाही म्हणून टिकलाय. खोकला झाला की आई पानं वाफवून रस काढायची आणि मधातून चाटवायची. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे कफाचं औषध तयार झालं, तेव्हा आईचं काही चुकत नव्हतं.

चुकत होती ती चूल. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 17वा अध्याय उचकी आणि श्वासाचा, म्हणजे दम्यासारख्या विकारांचा आहे. त्यात कारणांची यादी 'रजसा धूमवाताभ्याम्' अशी सुरू होते. म्हणजे धूळ, धूर, वारा. कारण टाळणं हा आयुर्वेदात उपचाराचाच भाग, निदानपरिवर्जन म्हणतात त्याला. आपण तेवढंच सोडून बाकीचा आयुर्वेद पाळतो.

आमच्याकडे दसरा-दिवाळीला सोयाबीनची मळणी. यंत्रापाशी उभा माणूस संध्याकाळी ओळखू येत नाही, नाकाला फार तर उपरणं. मग कापूस, जिनिंगमधली, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातली, उडती रुई. आणि वेचणी संपली की त्याच कापसाची वाळकी झाडं, पऱ्हाटी, वर्षभर चुलीत. 2016 पासून उज्ज्वलेच्या शेगड्या आल्या खऱ्या, पण सिलिंडर पाहुण्यांच्या चहापुरता. अंघोळीचं पाणी पऱ्हाटीवरच तापतं. या धुरात बसून खोकल्याचं सितोपलादी चूर्ण चाटायचं!

आईला दमा निघाला तेव्हा डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा औषधाचा पंप दिला. 'पंपाची सवय लागते' असं गल्लीतल्या चार जणांनी सांगितलं, तो फडताळात गेला. कोजागिरीच्या रात्री औषधाची खीर झाली. पुढे एकाकडून बिनलेबलच्या पुड्या आणल्या. आठ दिवसांत आराम! आम्ही त्याचे पाय धरायचे बाकी होतो. दोन महिन्यांनी तोंड सुजलं, साखर वाढली. पुडीत स्टिरॉइड असावं, असं तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. एकदम बंद करू नका, असंही बजावलं. चूर्णाच्या पाकिटावर परवाना क्रमांक आणि घटकांची नावं नसतील तर ते आयुर्वेद नव्हे, हे तेव्हा कळलं. ज्येष्ठमधानं रक्तदाब वाढू शकतो, हेसुद्धा आईच्या बीपीमुळेच कळलं.

आता चूल अंगणात गेलीय, पंप रोज चालू आहे, आणि वैद्यांना विचारूनच काढा.

विनंती दोनच. नांदेड आणि धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत. त्यांनी जिनिंगचा हंगाम सुरू होण्याआधी मानवत-सेलूकडे श्वसनाची तपासणी शिबिरं घ्यावीत. आणि जिनिंगवाल्यांनी मजुरांना चांगले मास्क द्यावेत. रुमालातून रुई आत जातेच.

आपला,
एक वाचक
मानवत, जि. परभणी