गोरखा जवान गोरखपूरला घडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला गोरखा पलटणींवरचा लेख आस्थेने लिहिलेला आहे, पण त्यात भरती डेपो आणि प्रशिक्षण डेपो यांची सरमिसळ झाली आहे. नेपाळहून आलेल्या तरुणाला गोरखपूरला सैनिक बनवतात, असा वाचकाचा समज होतो. गोरखपूरच्या कुनराघाटला आणि दार्जिलिंगजवळच्या घूमला आहेत ते भरतीचे डेपो. तिथे उंची-छाती मोजतात, धावायला लावतात, डॉक्टर तपासतात, कागद तयार होतात. कवायत, नेमबाजी आणि खुकरीचे हात शिकवले जातात ते सबाथू, वाराणसी, शिलाँग आणि लखनौ या चार ठिकाणी. सबाथूचे केंद्र '१४', वाराणसीचे '३९' आणि शिलाँगचे '५८' म्हणून ओळखले जाते. हे अनुक्रमांक नाहीत. पहिली आणि चौथी, तिसरी आणि नववी, पाचवी आणि आठवी अशा दोन-दोन गोरखा रायफल्स रेजिमेंटांचे रंगरूट एकाच केंद्रात शिकतात, म्हणून आकडे जोडीने लावले. अकराव्या गोरखा रायफल्सचे केंद्र लखनौला एकटेच आहे.

भरतीसाठी गोरखपूरच का, याला कारण आहे. इंग्रज-नेपाळ युद्ध संपवणाऱ्या सुगौलीच्या तहाच्या सुमारास, १८१५ मध्ये, सबाथू आणि नाहन येथे इंग्रजांच्या पहिल्या गोरखा पलटणी उभ्या राहिल्या, तरी नेपाळ दरबार आपल्या हद्दीत भरती करू देत नसे. माणसे लपूनछपून आणावी लागत. १८८५ नंतर नेपाळचा पंतप्रधान वीर शमशेर याच्या राजवटीत दरबाराची संमती मिळाली आणि १८८६ मध्ये गोरखपूरचा डेपो सुरू झाला. डेपो भारतात, पण सरहद्दीपासून जवळ. निवृत्त सैनिक, ज्यांना 'गल्लावाला' म्हणत, डोंगरातल्या गावांतून पोरांचा जथा जमवून पायी खाली आणत. हे काम पावसाळा सरल्यावर, थंडीतच चाले. उन्हाळ्या-पावसाळ्यात डोंगरपायथ्याच्या तराईतला मलेरिया, म्हणजे तिथल्या भाषेतला 'औल', डोंगरी माणसाला मारून टाकत असे. भरतीचे वेळापत्रक डासांनी ठरवले होते म्हटले तरी चालेल.

प्रशिक्षणाचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने गेला, आणि लेखात तो जवळजवळ नाहीच. मराठी वाचकाला बेळगावचे मराठा केंद्र ठाऊक असते. १९२२ च्या पुनर्रचनेत मराठा व इतर रेजिमेंटांना रंगरूट घडवण्यासाठी स्वतंत्र दहावी पलटण मिळाली. गोरख्यांना ती मिळाली नाही. त्यांच्या दहा रेजिमेंटांत शांततेच्या काळात प्रत्येकी दोनच पलटणी होत्या आणि प्रत्येक पलटण आपली पोरे आपल्याच छावणीत शिकवे. पाचवीची छावणी ॲबटाबादला, पहिलीची धर्मशाळेला, चौथीची बकलोहला. यात आपुलकी होती, पण लढाई लागली की पलटण निघून जाई आणि शिकवायला मागे पुरेशी माणसे उरत नसत. दुसऱ्या महायुद्धात प्रत्येक रेजिमेंटसाठी एक केंद्र काढावे लागले ते यामुळेच. फाळणीत ॲबटाबाद पाकिस्तानात गेले आणि पाचवीला आपले घर सोडावे लागले.

नोव्हेंबर १९४७ मध्ये काठमांडूत भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांचा करार झाला. १, ३, ४, ५, ८ आणि ९ या सहा रेजिमेंट भारताकडे राहिल्या. २, ६, ७ आणि १० या चार १ जानेवारी १९४८ पासून ब्रिटनच्या झाल्या. सातवी आणि दहावीतल्या ज्या जवानांनी ब्रिटनकडे जायला नकार दिला, त्यांच्यासाठी भारताने अकरावी रेजिमेंट उभी केली.

ब्रिटनची पंचाईत इथून सुरू झाली. पलटणी अर्धवट भरलेल्या, जुने हवालदार-नाईक कमी, नवी पोरे जास्त, आणि जून १९४८ मध्ये या पलटणी जिथे होत्या त्या मलायात (आजच्या मलेशियात) कम्युनिस्ट बंडामुळे आणीबाणी. सातव्या रेजिमेंटला तर याच धामधुमीत तोफखाना बनवायचा घाट घातला गेला. तो १९४९ मध्ये गुंडाळावा लागला. गस्त घालायची त्याच पलटणीने कच्चे रंगरूटही शिकवायचे, हे जमेना. अखेर १९५१ मध्ये केदा राज्यातल्या सुंगाई पतानी येथे चारही रेजिमेंटांचा एकत्र प्रशिक्षण डेपो निघाला. डोंगरातून निघालेला पोरगा पायी रेल्वेपर्यंत, रेल्वेने कलकत्त्याला, जवळच्या बराकपूरच्या संक्रमण छावणीत काही दिवस आणि मग बोटीने मलायात, असा प्रवास. भारताच्या भूमीवरून तो साध्या कपड्यांत करायचा, गणवेशात नाही. परकी सैन्यभरती स्वतंत्र भारताच्या जमिनीवर नको, ही दिल्लीची भूमिका होती. त्यामुळे ब्रिटनला भरतीचे डेपोही नेपाळात, पूर्वेला धरानला, हलवावे लागले. धरानची ती घोपा छावणी नंतर रिकामी झाली आणि आज तिथे बी. पी. कोइराला आरोग्यविज्ञान संस्था आहे. प्रशिक्षण डेपो १९७१ मध्ये हाँगकाँगच्या सेक काँगला, १९९४ अखेर इंग्लंडमध्ये चर्च क्रूकमला आणि १९९९ मध्ये यॉर्कशायरमधल्या कॅटरिकला गेला. साम्राज्य आकसत गेले तसा डेपो मागे सरकत गेला. भारताची केंद्रेही हलली, पण देशातल्या देशात.

डेपोत नेमके काय शिकवतात, यावर लेखात दोन वाक्ये आहेत आणि ती दोन्ही खुकरीबद्दल. खरी मेहनत वेगळीकडे असते. गुरुंग, मगर, राई, लिंबू या पोरांची घरची बोली वेगळी. नेपाळी हीसुद्धा अनेकांची दुसरी भाषा. म्हणून गोरखा पलटणीत येणाऱ्या बिगर-गोरखा अधिकाऱ्यालाही नेपाळी शिकावीच लागते. उस्तादाचा, म्हणजे शिकवणाऱ्याचा, हुकूम समजला नाही तर फायरिंग रेंजवर जीव जातो. चढणीवर अनवाणी वाढलेले पाऊल पुढे रुंद असते, अरुंद बुटात फोड येतात आणि पहिल्याच लांब मार्चला रंगरूट बसतो. डोंगरातल्या पोराला पोहता येत नाही, तेही शिकवावे लागते. रायफल पलटणीची चाल मिनिटाला १४० पावलांची, इतर पायदळाची साधारण १२०. ती अंगात मुरायला आठवडे जातात. शेवटी कसम परेड. ब्रिटनच्या दुसऱ्या रेजिमेंटमध्ये रंगरूट शपथ घेताना 'निशानी माई' या मानाच्या दंडुक्याला हात लावत. १८५७ च्या दिल्लीतल्या लढाईबद्दल राणी व्हिक्टोरियाने तो दिला होता, कारण रायफल पलटणींना निशाण नसे. आता ब्रिटनच्या आजच्या रॉयल गोरखा रायफल्समध्ये ती प्रथा चालू आहे.

लेखात एकदा 'भाडोत्री' हा शब्द आला आहे. १९७७ च्या जिनिव्हा पूरक करारातील कलम ४७ प्रमाणे जो लढणाऱ्या देशाच्या सैन्यात रीतसर दाखल असतो तो भाडोत्री ठरत नाही. भारत त्या कराराचा सदस्य नाही, हे खरे. तरी ज्याच्या नावावर नंबर, पगारपत्रक आणि पेन्शन आहे त्याला हा शब्द लावू नये.

आता लेखाच्या शेवटच्या परिच्छेदाविषयी. दोन सरकारांचे जमले की नेपाळमधील भरती पूर्ववत होईल, हे तितके सोपे नाही. २०२० पासून कोविडमुळे आणि जून २०२२ मध्ये अग्निपथ जाहीर झाल्यावर नेपाळने ऑगस्टमध्ये भरतीचे मेळावे पुढे ढकलायला सांगितल्यामुळे तिथून नवी तुकडी आलेली नाही. नेपाळचा आक्षेप असा की १९४७ च्या करारात पेन्शनची नोकरी गृहीत होती, चार वर्षांची नाही. यात नेपाळची बाजू आम्हाला रास्त वाटते. पण दिल्लीने उद्या ती मान्य केली तरी मधली वर्षे परत येत नाहीत. गोरखा पलटणींत साधारण साठ टक्के जवान नेपाळचे असत. आज जो शिपाई भरतीच झाला नाही, तो आणखी काही वर्षांनी नाईक आणि मग हवालदार होणार नाही. डेपोतले उस्ताद याच नाईक-हवालदारांतून येतात. दार्जिलिंग, डेहराडून, धर्मशाळेकडच्या भारतीय गोरख्यांवर काही भार पडू शकतो. पहिल्या रेजिमेंटची सहावी पलटण २०१६ मध्ये अशाच जवानांची उभारली गेली. पण भरती पुन्हा सुरू झालीच तर नेपाळच्या गोरखा किंवा लमजुंग जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या पोराला त्याच्या मुलखाचा उस्ताद केंद्रात भेटेल का, हा प्रश्न करारावरच्या सहीने सुटणारा नाही. १९४८ मध्ये मलायात नेमकी हीच अडचण आली होती आणि डेपो उभा राहायला तीन वर्षे गेली.

पुढील रविवारी निदान भरती आणि प्रशिक्षण केंद्रांच्या जागांची दुरुस्ती छापावी, ही विनंती. सबाथू हिमाचल प्रदेशात, सोलन जिल्ह्यात आहे; आपल्या नकाशात ते नेपाळच्या सीमेला लावले आहे.

आपले,
लष्करी इतिहासाचे काही वाचक,
दादर, मुंबई