सडा टाकला म्हणजे काय, बाई?

सोनू बाळा,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मग झोपच लागली नाही बघ. पप्पा सेकंड शिफ्टवरून बारा वाजता आले तरी मी जागीच, त्यांनी विचारलं काय झालं, मी म्हणलं काही नाही. पण झालंय की. फोनवर तू रडायला लागलीस ना तेव्हा मला नीट काही बोलताच आलं नाही, नेटवर्क पण तुटत होतं, म्हणून आता दुपारी भाकरीचं काम आटपून पंख्याखाली बसून टाईप करायलेय. लांब होणारय, शाळा सुटल्यावर निवांत वाच. वर्गात शिकवताना वाचू नको.

आधी घरचं सांगते. पाणी आज पाचव्या दिवशी आलं, तेही पहाटे चारला, सगळी पिंपं भरून घेतली. पाऊस नुसता ढग दाखवून जायलाय. आपल्या सोलापुरात वर्षभरात मिळून साडेपाचशे-सहाशे मिलीमीटर पडला तरी लोक चांगलं वर्ष म्हणतात आणि तुझ्या रत्नागिरीकडं तीन हजाराच्या वर पडतो, हे ओंकारनं मोबाईलवर बघून आजीला सांगितलं तर आजी म्हणली त्यातला थोडा पोरीसंगं इकडं पाठवून द्या. आजीचे गुडघे बरे आहेत. समोरच्या अक्कांच्या घरी नारळी पौर्णिमेची तयारी सुरू आहे, मार्कंडेयाचा रथ निघणार, त्या दिवशी तू नसणार म्हणून अक्का दोनदा बोलून गेल्या.

तुला रत्नागिरीला शाळेच्या नोकरीवर सोडायला आलो तो प्रवास अजून माझ्या डोळ्यापुढून जात नाही. पहाटे साडेपाचची एसटी, डब्यात दशम्या, शेंगाची चटणी, एक अख्खी गोणी तुझ्या सामानाची. कंडक्टरनं तिकीट काढताना आजीचं आधार मागितलं, पंच्याहत्तरच्या वरचं म्हणून तिला फुकट, आपल्या दोघींना अर्धं, पूर्ण तिकीट फक्त पप्पाचं आणि ओंकारचं. आजीनं आधार कार्ड रुमालात बांधून कमरेच्या पिशवीत ठेवलं होतं, ते काढून किती मानानं पुढं केलं तिनं. मंगळवेढ्याच्या पुढं काळं रान नुसतं उघडं पडलेलं, पेरणी व्हायची होती, आणि तुझे पप्पा खिडकीतून बघत गप्प. मला वाटलं झोपले. सांगोला गेलं, मिरज गेली, कोल्हापूरला गाडी बदलली, तरी माणूस बोलेना. आंबा घाट लागला, सगळीकडं हिरवं आणि धुकं, आणि मग म्हणाले, "एवढ्या लांब पोरीला सोडायचं." बस, तेवढंच. घाट उतरून साखरपा येईपर्यंत परत एक शब्द नाही. हे तुला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

दुसऱ्या दिवशी भाट्याच्या किनाऱ्यावर आजीनं समुद्र पहिल्यांदा बघितला ना, तो फोटो आपल्या फ्रीजवर लावलाय. शहात्तर वर्षांची बाई, चप्पल काढून, नऊवारी वर धरून, लाट पायाला लागली की हात जोडायची, परत लाट आली की परत हात जोडायची. आणि एक चुळका पाणी तोंडात घेऊन बघितलं खारट आहे का ते. थिबा राजवाडा बघायचा राहिला, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी तिथं आणून ठेवलं होतं हे ऐकल्यापासून ओंकार मागं लागलाय, पुढच्या वेळी नेऊ त्याला.

आता मुद्द्याचं. तू म्हणलीस की दुसरीच्या पोरांना सकाळी घरात काय काय होतं ते सांगताना तू फळ्यावर लिहिलंस, आई अंगणात सडा टाकते, आणि सगळा वर्ग तुझ्याकडं बघत बसला, आणि एक पोरगी म्हणली, "सडा टाकला म्हणजे काय, बाई? सडा तर वर हाय, गुरं जातात तिथं." मग तुला कळलं की त्यांच्याकडं सडा म्हणजे डोंगरावरचं ते उघडं कातळाचं पठार, जांभ्या दगडाचं. तू म्हणलीस, मम्मी मला माझीच मराठी येत नाही असं वाटलं गं. आणि त्यानंतर तो पोरगा, जो "नाय, नाय" म्हणत होता त्याला तू "नाय नाही, नाही म्हण" असं दोन-तीनदा सांगितलंस आणि त्या दिवसापासून तो बोलायचाच बंद झालाय. त्याचंच तुला लागलंय ना? मला पण त्याचंच लागलं.

सोनू, मी तुला कधी सांगितलं नाही, माझ्या पहिलीतली गोष्ट आहे. आपण सोलापूरच्या पूर्व भागातले, तुला माहितीये आपल्या गल्लीत अर्धी घरं तेलुगू, यंत्रमागवाली, बिड्या वळणारी. माझ्या शेजारी बाकावर एक पोरगी बसायची, घरात तेलुगूच, मराठीचे तिला दहा शब्द पण येत नव्हते. जूनचा उकाडा होता. ती उठून उभी राहिली आणि म्हणली "नीळ्ळु". बाईंना कळलं नाही. परत म्हणली "नीळ्ळु". बाई म्हणल्या मराठीत बोल. तिला पाणी हा शब्दच येत नव्हता तर ती काय बोलणार? मला येत होता. मला नीळ्ळु म्हणजे पाणी हे कळत होतं, गल्लीत खेळून खेळून, पण मी भीतीनं गप्प बसले. ती तशीच उभी राहिली, आणि शेवटी फ्रॉक ओला झाला तिचा. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आठ-दहा दिवसांनी आली, पण मग चौथीपर्यंत मी तिचा आवाज वर्गात ऐकला नाही. त्या बाई वाईट नव्हत्या गं, पन्नास-साठ पोरं होती वर्गात, उकाडा होता, त्यांना ती भाषा कुणी शिकवली नव्हती. पण एक शब्द विचारून घ्यायला काय लागतं? "कुणाला कळलं का रे ही काय म्हणते" एवढं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मला अजून वाटतं मी सांगितलं असतं.

म्हणून मी तुला हे लिहायलेय. तू चूक केलीस म्हणून नाही. तू रडलीस म्हणजे तुला कळलंय, त्या बाईंना बहुतेक कळलंच नसेल.

आपल्या सोलापूरचं बघ ना. मी भाकरी विकायला बसले तेव्हा अक्कलकोट रोडच्या गिऱ्हाइकाला कन्नड लागायचं, बाजूच्या गल्लीत तेलुगू, बाजारात उर्दू-हिंदी. मला कुठली भाषा पूर्ण येते? पण "अन्नम तिन्नावा" विचारलं की अक्का अजून पण हसून दार उघडते. आणि आपले सिद्धेश्वर महाराज, त्यांची वचनं कन्नडमधीच आहेत की, गड्ड्याच्या यात्रेत अक्षता टाकताना आपण लहानपणापासून दिड्डम दिड्डम म्हणतो, मराठी-कन्नड बघत बसतो का कोण? नंदीध्वजाच्या सात काठ्या निघतात आणि सगळं गाव पांढऱ्या बाराबंदीत मागं चालतं. तू ह्या गावची पोरगी आहेस. दुसऱ्याचा शब्द उचलायची लाज आपल्याला कधीच नव्हती, तुला आता का वाटावी?

तर एक वही कर. मागं दोनशे पानीची घेऊन दिली होती ना, तीच. त्यात पोरांचे शब्द लिही. तू मला फोनवर सांगितलेलेच किती आहेत बघ. ओढ्याला ते पऱ्या म्हणतात, त्याच्यावरचा लाकडाचा पूल म्हणजे साकव, दगडाच्या पायऱ्यांची वाट म्हणजे पाखाडी. आणि खळं! आपल्याकडं खळं म्हणजे ज्वारी मळायची जागा, त्यांच्याकडं घरापुढचं अंगणच खळं. म्हणजे फळ्यावर "खळ्यात काय करतात" असं लिहिलंस तर तुझ्या मनात एक चित्र आणि पोरांच्या मनात दुसरंच. दोन्ही लिही. त्यांना सांग की आमच्याकडं ज्वारीचं खळं असतं, बैल फिरवायचे त्यावर, मी तुला आजीच्या माहेरचा जुना फोटो पाठवते तो दाखव. आणि सडा पण कर एक दिवस त्यांच्यासमोर, बादलीत पाणी घे, हातानं शिंपड, शाळेपुढं रांगोळी काढ. पोरींना आवडेल. आणि मग त्यांना म्हण आता मला तुमच्या सड्यावर घेऊन चला. पाऊस उघडल्यावर जा बरं, कातळ निसरडा असतो असं तुझ्या घरमालकीण काकू सांगत होत्या.

"नाही" शिकवायला काय, वर्षभर आहे की. परीक्षेत नाही लिहावं लागतं ते खरंय, ते शिकवायलाच पाहिजे, त्यात मी बोलणार नाही, तू डीएड केलंस, शिक्षक पात्रतेची टीईटी दिलीस, भरतीची टेट दिलीस, मी दहावी. पण आधी त्याला "नाय" म्हणू दे. त्या पोराशी आधी शाळेबाहेर बोल, पोषण आहाराच्या वेळेला त्याच्या शेजारी जाऊन बस, त्याला विचार हे झाड कुठलं, ह्या किड्याला काय म्हणतात. त्याला जे येतं ते तुला येत नाही ना, मग त्याला तुझा गुरुजी होऊ दे दोन दिवस. चौदा पोरं आहेत तुझ्याकडं, पाच यत्ता आणि दोन शिक्षक, हे अवघड आहे हे मला कळतं, एकीकडं पहिलीला गिरवायला द्यायचं एकीकडं चौथीचा भागाकार, पण चौदाच आहेत, एकेकाचं नाव घेऊन बोलता येतं.

बदलीचं आत्ताच डोक्यात घेऊ नको. तुझ्याबरोबरच्या पोरी आत्तापासून आंतरजिल्हा बदलीचं बोलायल्यात म्हणलीस. बोलू देत. तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढायचीच आहेत, सोळा हजार मानधन, पहिलं उशिरा येईल असं सगळे म्हणतात, तोवर पप्पांनी तुझ्या खात्यावर पाच हजार टाकलेत, बघून घे. मला तू जवळ नको आहेस का? रोज संध्याकाळी तुझी प्लेट चुकून काढते मी. पण मनानं इकडं आणि अंगानं तिकडं असलीस तर ती पोरं ओळखतात बाळा, लहान पोरांना लगेच कळतं आपल्या बाईंचं मन लागलंय का नाही.

आता बाकीचं. कडक भाकऱ्या मऊ पडल्या म्हणलीस, तिकडच्या हवेत पडणारच. प्लास्टिकच्या पिशवीत नको ठेवू, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव आणि खायच्या आधी मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी शेक, परत कुरकुरीत होतील. चटणी ओल्या चमच्यानं काढू नको. ती मोठी चादर धुवायला काढू नको पावसात, आपली सोलापुरी चादर जड, इथं उन्हात दोन तासात वाळते तिथं चार दिवस वास मारत बसेल, पप्पांनी त्यांच्या कारखान्यातले चार पातळ टॉवेल दिलेत, ते पुढच्या पार्सलमधी टाकते. रात्री बाहेर जाताना बॅटरी घेतल्याशिवाय पाय टाकू नको, साप असतात.

गणपतीच्या सुट्टीत येणार का काकूंकडंच थांबणार ते तू ठरव. काकू म्हणत होत्या कोकणातला गणपती बघितल्याशिवाय जाऊ नका. थांबलीस तरी मी रागावणार नाही, आजी थोडी रुसेल, तिला मी बघते. पण आलीस तर ती वही घेऊन ये, मला आणि अक्कांना सगळे शब्द वाचून दाखव, अक्का म्हणल्या त्यांचे तेलुगू शब्द पण त्याच वहीत लिहून देते.

आणि तो पोरगा बोलला की मला त्याच दिवशी फोन कर. रात्रीचे कितीही वाजू देत, मी उचलते.

तुझी
मम्मी