मावशी, मुलींची इमारत उभी राहिली!

मावशी, सप्रेम जय ख्रिस्त.

फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "अगं प्रभूचं काम आहे, माझं काय त्यात" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

महाबळेश्वरच्या आपल्या कॅम्पवर मुलींची नवीन इमारत झाली. रंग तेवढा राहिलाय. जुना हॉल ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, पत्रे गंजलेले, जांभ्याच्या भिंतींना कायम ओल, मेमध्ये वळीव आला की मुली गाद्या उचलून एका कोपऱ्यात बसायच्या आणि तिथेच गाणी म्हणायच्या. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लोक भिंतींना बाहेरून गवत नाहीतर प्लॅस्टिक बांधून ठेवतात, तिथे असला हॉल किती दिवस टिकणार! त्यात २००१ पासून तो सगळा भाग इको सेन्सिटिव्ह झोन, परवानगीलाच खूप वेळ गेला आणि परवानगी आली तेव्हा खात्यात पैसे नव्हते.

मीटिंगमध्ये सगळे म्हणाले की अमेरिकेतल्या आपल्या लोकांना विचारू. पण आपल्या ट्रस्टला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्या घ्यायची सरकारी परवानगी, नाही. भारतीय पासपोर्टवाला तिकडून स्वतःच्या कमाईतलं देऊ शकतो, पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याचे पैसे परदेशी धरले जातात, मग तो आपला सख्खा भाऊ का असेना. हे कुणाच्या गळीच उतरेना. तुम्ही एकेकाला फोन करून नीट समजावलंत, आणि कुणालाही वाईट वाटू दिलं नाहीत.

आणि मग तुम्ही जे बोललात ते माझ्या अजून डोक्यात आहे. १८३१ साली नगरला अमेरिकन मिशन आलं तेव्हापासून शाळा, दवाखाने, चर्च सगळ्याला पैसा तिकडून, बोस्टनहून येत राहिला, त्याचे उपकार आहेतच, पण १९१७ मध्ये कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि इथेच साताऱ्यात ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा आपला 'देवाचा दरबार' सुरू केला, मग आपल्या पोरींच्या डोक्यावरचं छप्पर आपल्याला करता येऊ नये का? सगळे गप्प.

मग तुम्ही फिरलात. नेवासा, शेवगाव, राहुरी, एसटीने, गुडघे दुखत असताना. सुगीच्या सणाला चर्चमध्ये लोकांनी अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव असतो तेव्हा बरोबर जायचं हे तुम्हालाच सुचलं. एकच कोंबडी कुणीतरी घेतली, परत दिली, पुन्हा लिलावात, असं करत करत तिची किंमत कुठच्या कुठे गेली आणि माणसं हसत हसत देत होती. तुम्ही मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या चर्चना, रकमेचं टार्गेट दिलंच नाही, एका मंडळीने एक डबल पलंग करायचा एवढंच सांगितलंत, ते खेड्यातल्या माणसाला लगेच कळलं.

मला सगळ्यात जास्त थँक्यू म्हणायचंय ते त्या ताईंच्या पावतीसाठी. कांदे काढायच्या कामावरून थेट चर्चला आलेल्या, मुलगी दरवर्षी कॅम्पला येते, त्यांनी पदराची गाठ सोडून पन्नास रुपये काढले. तुम्ही त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसलात, चष्मा लावलात, पावती फाडलीत आणि नाव पूर्ण लिहिलंत, त्यांचं स्वतःचं, नवऱ्याचं नाही. मोठी रक्कम देणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला दिलेली पावती त्याच पुस्तकातली. आधी पैसेवाल्यांकडे जा असं सगळे सांगत होते, तुम्ही ज्यांची लेकरं तिथे झोपणार त्यांच्याकडे आधी गेलात, आणि माझ्या मते इमारत झाली ती त्याच्यामुळे. कारण गावं देतायत हे कळल्यावर शहरातल्यांनी आपणहून दिलं, मागावं लागलंच नाही.

दारावर तुमच्या नावाची पाटी नको म्हणालात, ठीक आहे, नाही लावत. मंडळ्यांची नावं लावतोय, सगळ्या गावांची, एकही गाळलेलं नाही, तुमच्या वहीतून उतरवून घेतली.

पण उद्घाटनाला यायचंच. पाळकसाहेब प्रार्थना करतील आणि फीत तुम्ही आणि त्या कांदेवाल्या ताईंची मुलगी मिळून कापणार, हे कमिटीत ठरलंय, आता बदलणार नाही. गाडी घरापर्यंत पाठवतो, घाटात एसटीने येऊ नका.

आणि हो, पाण्याच्या टाकीचं काम अजून बाकी आहे. नवीन पावती पुस्तकं छापून आलीत, नेवाशाकडची तुमच्याकडेच पाठवतेय.

तुमचीच,
कॅम्प कमिटीतली तुमची भाची